नवे ग्राफिक्स कार्ड : बसवावे कसे, तपासावे कसे, जपावे कसे



सुटी लागली की संगणकाविषयी आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो. ‘नवे ग्राफिक्स कार्ड आणले, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. कार्ड खराब निघाले का?’ दुसरा प्रश्न त्याचाच भाऊ : ‘गेम सुरू केला की दहा मिनिटांत पीसी बंद पडतो. दुकानदाराने फसवले का?’

कार्ड खराब निघू शकते, हे खरे. परंतु बहुतेक वेळा दुखणे असते एकीकडे आणि आपण औषध देतो दुसरीकडे. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणतात तसे. दोष असतो वीजजोडणीत, ढिल्या बसलेल्या पिनेत, उष्णतेत किंवा धुळीत, आणि आपण कार्ड परत करायला निघतो. मधल्या काळात उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालून काही जण स्वतःला झटकाही बसवून घेतात. हे कार्ड घरच्या केळीच्या किंवा कापसाच्या पैशातून, कधी वडिलांच्या पगारातून आलेले असते. म्हणून या वेळच्या अभ्यासलेखात आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत : आधी घरची वीज, मग जोडणी, मग उष्णता, आणि सर्वांत शेवटी कार्डावर संशय. हा क्रम पाळला तर पैसेही वाचतात आणि हातही.

हे कार्ड करते काय?

बुऱ्हाणपूरचे यंत्रमाग तुम्ही पाहिलेच असतील. एखादा निष्णात विणकर हातमागावर कितीही अवघड नक्षी काढील. पण हजारो मीटर साधे कापड हवे असेल तर शेडमधले अनेक माग एकाच वेळी चालवावे लागतात. संगणकातला मुख्य प्रोसेसर हा त्या निष्णात विणकरासारखा. त्यात मोजकीच पण हुशार केंद्रे असतात. ग्राफिक्स कार्डाची चिप मागांच्या शेडसारखी. तिच्यात शेकडो, हजारो साधी केंद्रे एकच काम एकाच वेळी करतात.

एवढ्या केंद्रांची गरज का? हिशोब करा. नेहमीच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. गेम सेकंदाला ६० चित्रे दाखवत असेल तर दर सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हे काम कार्ड करते. अशाच जातीच्या चिपा आता केवळ खेळासाठी राहिलेल्या नाहीत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक याच प्रकारच्या चिपांवर चालतो, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० वेगवान महासंगणकांच्या यादीत तो ६३ व्या क्रमांकावर होता. तेव्हा कार्ड नीट समजून घेणे हा वाया जाणारा अभ्यास नव्हे.

खरेदीआधीचे गणित

मदरबोर्डच्या लांब खाचेतून, म्हणजे पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागली तर एसएमपीएसकडून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅट देते आणि आठ पिनांची १५० वॅट. नव्या मोठ्या कार्डांवर १६ पिनांची छोटी जोडणी असते. ती ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेते.

आता बेरीज करा. कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १२५ वॅट, पंखे, डिस्क, रॅम वगैरे मिळून ७५ वॅट. एकूण ४०० वॅट. पण कार्ड क्षणभरासाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते, आपल्या आकड्याच्या बरेच वर उसळते. म्हणून ४०० च्या बेरजेला ४५० चा एसएमपीएस पुरत नाही. ६०० ते ६५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर छापलेला आकडा पुष्कळदा कागदावरच राहतो.

यूपीएसवर लिहिलेला ‘६०० व्हीए’ हा आकडा म्हणजे ६०० वॅट नव्हे. साधारणपणे असा यूपीएस ३६० वॅटच्या आसपास भार पेलतो. गेम चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस असूनही पीसी बंद पडला, तर त्यात यूपीएसचा किंवा कार्डाचा दोष नाही. दोष आपल्या बेरजेचा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवायचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा हवा. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर पंखा आणि दिवे चालवतो, पण चांगल्या एसएमपीएसला तो बऱ्याचदा मानवत नाही.

अर्थिंग : या पाठाचा गाभा

‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ ही तक्रार आमच्याकडे नवी नाही. बहुतेक जण पायाखाली प्लास्टिकची चटई टाकतात आणि विषय संपवतात. पण त्या झिणझिण्या म्हणजे घराने दिलेली सूचना आहे. ती समजून घ्या.

एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजकडून कॅबिनेटच्या पत्र्याकडे आणि दुसरा न्यूट्रलकडून पत्र्याकडे. अर्थिंग ठीक असेल तर त्यांतून येणारी अगदी अल्प वीज जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर ती पत्र्यावरच थांबते आणि पत्रा सुमारे ११५ व्होल्टवर, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, जाऊन बसतो. प्रवाह फार थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. परंतु उद्या एसएमपीएसमध्ये खरा बिघाड झाला, तर तोच पत्रा थेट २३० व्होल्टवर जाईल आणि त्याला वाट असेल ती फक्त तुमच्या शरीरातून.

कार्डालाही याचा फटका बसतो. अर्थिंग नसलेला पीसी चालू असताना त्याला एचडीएमआय वायरने टीव्ही जोडला, आणि त्या टीव्हीला डिशची किंवा केबलची वायर आलेली असेल, तर जोडताना बारीक ठिणगी उडू शकते. त्या ठिणगीत कार्डाचा किंवा टीव्हीचा एचडीएमआय भाग जळतो. मग आपण म्हणतो, नवे कार्ड आठवड्यात गेले! म्हणून वायर जोडण्यापूर्वी दोन्ही उपकरणे बंद करून त्यांचे प्लग काढावेत.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतरांपेक्षा जाड आणि लांब का असते, हा प्रश्न विज्ञानाच्या परीक्षेतही येतो. ती अर्थिंगची पिन आहे. प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी ती लांब ठेवतात. ती पिन कापणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे म्हणजे घराचा दरवाजा काढून कुलूप खिशात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या निंबोल्याकडे आणखी एक अडचण येते. बऱ्याच घरांत कोळसा आणि मीठ घालून केलेला अर्थिंगचा खड्डा असतो. एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी पडली की त्याचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरते उरते. शेतकरी मोटारीच्या अर्थिंगला उन्हाळ्यात पाणी घालतात, तेच घरच्या खड्ड्यालाही करावे. बोर्डमध्ये अर्थिंगची वायर खरोखर आली आहे का, की कुणी ती न्यूट्रललाच जोडून ठेवली आहे, हे जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रलला जोडलेले अर्थिंग फार घातक, कारण न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर फेज येतो. ही तपासणी विद्यार्थ्यांनी स्वतः करू नये.

पालकांना एक विनंती. एमसीबी वायरचे रक्षण करते, माणसाचे नाही. माणसासाठी ३० मिलीअँपियरची आरसीसीबी असते. ती घरात बसवून घ्यावी आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कार्ड बसवताना

पुढील पायऱ्या वाचून घ्या आणि मगच पेचकस हातात धरा. अति घाई संकटात नेई, हे फक्त रस्त्यालाच लागू नाही.

१. पीसी बंद करा, बोर्डचे बटण बंद करा आणि प्लग काढा. मग पीसीचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. मात्र एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

२. कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर विद्युत साठते. सुमारे ३००० व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला जाणवतही नाही, पण चिप त्याहून कितीतरी कमी व्होल्टला बिघडू शकते. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा.

३. कार्ड कडेने धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. स्लॉटच्या टोकाची कडी उघडा, कार्ड सरळ दाबा आणि कडी ‘टक’ वाजून बसली का ते पाहा. मग मागचा स्क्रू आवळा.

४. विजेची वायर लावा. इथे फार मोठी चूक होऊ शकते. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारख्या असतात, पण त्यांतले धन आणि ऋण उलट असतात. प्रोसेसरची वायर साधारणपणे चार आणि चार अशी दुभंगते, कार्डाची सहा आणि दोन अशी. जोर लावल्याशिवाय बसत नसेल तर ती वायर तिथली नाही, असे समजा. तसेच एका एसएमपीएसच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका. आतली जुळणी वेगळी असू शकते.

५. पडद्याची वायर कार्डाच्या मागे लावा, मदरबोर्डच्या मागे नाही.

चौथ्या पायरीत प्लग पूर्ण आत जाणे किती महत्त्वाचे आहे, ते गणिताने पाहू. वायरमधून १५० वॅट जात असतील तर १२ व्होल्टला प्रवाह होतो १२.५ अँपियर. प्लग ढिला बसून त्या जोडात फक्त ०.०५ ओहम रोध निर्माण झाला, तरी उष्णता प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून मिळते : १२.५ गुणिले १२.५ गुणिले ०.०५, म्हणजे जवळजवळ ८ वॅट. रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंगची कावी २५ वॅटची असते. तिच्या एक तृतीयांश उष्णता एवढ्याशा प्लास्टिकच्या प्लगात! ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाची आरटीएक्स ४०९० ही कार्डे बाजारात आली, तेव्हा १६ पिनांचे प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. प्लग पूर्ण न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण असल्याचे कंपनीने त्याच वर्षी सांगितले, आणि पुढे २०२३ मध्ये त्या जोडणीची रचना सुधारण्यात आली.

दुखणे ओळखा

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पीसी चालू झाला, तर कशामुळे चालू झाला ते कधीच कळत नाही.

काहीच चालू होत नाही. बोर्डमध्ये लाइट आहे का, एसएमपीएसच्या मागचे बटण चालू आहे का, ते पाहा. मग प्लग काढून नवे कार्ड बाहेर घ्या आणि पुन्हा सुरू करा. कार्डाशिवाय चालू झाला तर एसएमपीएसची ताकद आणि कार्डाची वायर तपासा.

पंखे फिरतात, पडदा काळा. वायर कार्डालाच लावली आहे ना? मॉनिटरमध्ये योग्य इनपुट निवडले आहे ना? कार्डाच्या विजेच्या सर्व जोडण्या भरल्या आहेत ना? कार्ड आणि रॅम काढून पुन्हा नीट बसवा. जुन्या मदरबोर्डला नव्या कार्डासाठी बायोस अद्ययावत करावे लागू शकते. ते करताना लाइट जाता कामा नये.

चित्र येते पण मोठे आणि ओबडधोबड. ड्रायव्हर नाही किंवा जुन्या कार्डाचा ड्रायव्हर आड येतो आहे. जुना काढून टाका आणि नवा कार्डाच्या कंपनीच्या अधिकृत जागेवरूनच घ्या.

गेम सुरू होताच पीसी झटकन बंद पडून पुन्हा सुरू होतो. पहिला संशय एसएमपीएसवर. नवा गेम आणि नवे कार्ड मिळून त्याच्या ताकदीबाहेर जात असतील.

दहा-पंधरा मिनिटांनी गेम अडखळू लागतो. हे उष्णतेचे लक्षण. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते.

पडद्यावर रंगीत ठिपके, रेघा, चौकोन. आधी वायर बदलून पाहा. वेग वाढवण्याची काही सेटिंग केली असेल तर ती काढा. तरीही ठिपके राहिले आणि दुसऱ्याच्या पीसीतही तेच दिसले, तर मात्र कार्डाचीच स्मृती बिघडली आहे. आता परत करायला जा.

बारीक शिट्टीसारखा आवाज. भार आला की कार्डातली वेटोळी कंप पावतात, त्याचा हा आवाज. सहसा धोका नसतो. करकर असा आवाज आला तर पंख्याला वायर घासते का ते पाहा.

उन्हाळा, धूळ आणि कापसाचे तंतू

पंखा हवेला थंड करत नाही. तो फक्त खोलीतली हवा कार्डावरून नेतो. म्हणून कार्ड नेहमी खोलीपेक्षा काही अंश जास्तच तापलेले राहते. २५ अंशांच्या खोलीत गेम खेळताना ७० अंशांवर राहणारे कार्ड ४५ अंश अधिक आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखालची खोली ४२ अंशांवर गेली, तर तेच कार्ड ८७ च्या आसपास पोहोचेल. बहुतेक कार्डे ८३ ते ९० अंशांच्या दरम्यान वेग कमी करू लागतात. परदेशात बसून कुणी लिहिलेले आकडे आपल्या उन्हाळ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे लक्षात ठेवा. दुपारी जड गेम नको. सकाळी किंवा रात्री खेळा. गेममध्ये सेकंदाला ६० चित्रांची मर्यादा घातली तरी तापमान बरेच उतरते.

कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवा. हवा पुढून आत आणि मागून-वरून बाहेर जावी. ज्यांच्या घराजवळ यंत्रमाग आहेत त्यांच्याकडे कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. दर महिन्याला जाळी साफ करा. कॅबिनेट अंगणात नेऊन ब्लोअर मारा, पण मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवा. फार वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके आत कधीही नको.

वीज कमी-जास्त होते तेव्हा

रब्बीत सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज उतरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगायला नको. कमी व्होल्टेजला एसएमपीएस तेवढीच वीज देण्यासाठी अधिक प्रवाह ओढतो : ३५० वॅटला २३० व्होल्टवर सुमारे दीड अँपियर, तर १८० व्होल्टवर जवळजवळ दोन. जुन्या बोर्डात तेवढीच ऊब वाढते. याहून वाईट म्हणजे लाइनचा न्यूट्रल तुटणे. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकते. दिवे अचानक फार प्रखर झाले तर मुख्य स्विच बंद करा. लाइट गेली की पीसीचे बटण बंद ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटे थांबून सुरू करा.

मृगाच्या आधीच्या वादळात नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि इंटरनेटची व डिशची वायरही काढा. जळका वास किंवा धूर आला तर आधी मुख्य स्विच, मग बाकीचे. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये; कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी.

पावती जपा

कार्ड मिळाल्यावर खोका उघडतानाचे चित्रण करून ठेवा. खोका, पावती आणि क्रमांकाची चिठ्ठी टाकू नका. बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून पहिल्याच आठवड्यात सर्व तपासण्या करा. जुने कार्ड घेताना अधिक सावध राहा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस चाललेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र तक्रारीपूर्वी तुमच्या वहीत तपासणीची नोंद असू द्या. ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘दोन पीसीत, दोन वायरींवर, हेच ठिपके दिसले’ म्हणणाऱ्याचे ऐकावेच लागते.

स्वाध्याय

१. पीसी ३५० वॅट घेतो आणि रोज ३ तास चालतो. ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? उत्तर ३१.५ आले पाहिजे. तुमच्या घरच्या बिलातील दराने रुपये काढा.

२. २५ अंशांच्या खोलीत ६८ अंशांवर राहणारे कार्ड ४३ अंशांच्या खोलीत साधारण किती तापेल?

३. प्लगमधील अर्थिंगची पिन लांब का असते? आई-बाबांना समजावून सांगा आणि घरातील किती बोर्डांत तिसरे छिद्र आहे ते नुसते पाहून मोजा. बोर्ड उघडू नका.

४. घरच्या अर्थिंगचा खड्डा कोठे आहे, ते घरातील मोठ्यांना विचारा. या उन्हाळ्यात त्याला पाणी घालण्याची जबाबदारी तुम्ही घ्या.

चौथ्या प्रश्नाला गुण नाहीत. पण ज्यांच्या घरी पीसी नाही, फक्त कूलर आणि मोटार आहे, त्यांनीही तो सोडवावा अशी आमची इच्छा आहे.